काउंटरवरची भीड : मेकअपची खरेदी आणि ‘नको’ म्हणण्याची अडचण

याआधीच्या व्याख्यानांत विमा झाला, घरखरेदी झाली, दवाखान्याची बिलं झाली. आणि आज लिपस्टिक! काहींच्या चेहऱ्यावरचं हसू मला इथून दिसतंय. पुरुष मंडळींपैकी दोघे-तिघे तर बायकोनं आणलं म्हणून आलेत, तेही कळतंय. (हशा) बसा, तुमच्याही कामाचं आहे. कारण समोर माणूस उभा असताना ‘नको’ म्हणता न येणं हा आपला जुना आजार आहे, आणि तो मेकअपच्या काउंटरवर जितका स्पष्ट दिसतो तितका दुसरीकडे क्वचितच दिसतो.

एक गोष्ट बघा. लक्ष्मी रोडवर म्हणा, दादरला म्हणा, साडीच्या दुकानात आपल्या बायका गादीवर ऐसपैस बसतात. समोरचा माणूस चाळीस साड्या उलगडतो. ढीग लागतो. चहासुद्धा येतो. तासाभरानं त्या उठतात, ‘अजून दोन ठिकाणी बघून येतो हं’ म्हणतात आणि पायऱ्या उतरतात. मनाला काही टोचत नाही. तीच बाई मॉलमध्ये काजळ घ्यायला जाते आणि काजळ, प्रायमर, फाउंडेशन, वर मेकअप काढायचं पाणी असं सगळं घेऊन बाहेर येते. घरी येऊन पिशवी कपाटाच्या मागच्या बाजूला ठेवते. असं का होतं?

मला वाटतं त्याचं उत्तर सोपं आहे. साडीच्या दुकानात खोट साडीत असते. काठ आवडला नाही, रंग फिका आहे, पोत बरा नाही. नाकारायची ती साडी. मेकअपच्या काउंटरवर खोट तुमच्या चेहऱ्यात काढली जाते. ‘मॅम, तुमच्या डोळ्यांखाली खूप डार्क आहे.’ ‘स्किन एकदम ड्राय झालीय.’ ‘पोअर्स ओपन दिसतायत.’ आता तुम्ही वस्तू पारखणाऱ्या राहिलात कुठे? पारखल्या जाताय तुम्ही. परीक्षा द्यायला बसलेला माणूस परीक्षकाला ‘अजून दोन ठिकाणी बघून येतो’ असं म्हणत नाही.

हे आपल्याकडे पूर्वी असं नव्हतं. लॅक्मे १९५२ साली टाटांनी सुरू केली. पुढची कितीतरी वर्षं गावागावांत ही खरेदी जनरल स्टोअरमधून व्हायची. काउंटरमागे काका. तुम्ही नाव सांगायचं, काका डबी काढून देणार. त्यांना तुमच्या त्वचेबद्दल काडीचीही उत्सुकता नव्हती, आणि असती तरी बोलायची प्राज्ञा नव्हती. (हशा) रंग नीट बघता यायचा नाही, निवड चार-पाचांचीच, हे तोटे होतेच. पण तुमच्या चेहऱ्यावर शेरा मारला जायचा नाही.

मोठ्या दुकानांतला काउंटर ही पद्धत परदेशातून आली. एस्टी लॉडर नावाच्या बाईंनी १९४६ मध्ये न्यूयॉर्कला आपली कंपनी काढली. त्यांची ख्याती दोन गोष्टींसाठी : क्रीम प्रत्यक्ष गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याला लावून दाखवायचं आणि सोबत काहीतरी फुकट द्यायचं. आजही जगभरच्या काउंटरवर याच दोन गोष्टी चालतात. याच्या उलट वाट फ्रान्समध्ये १९७० च्या सुमारास निघाली. दोमिनिक मांदोनो यांनी लिमोज शहरातल्या आपल्या दुकानात माल कपाटातून काढून उघड्यावर मांडला. गिऱ्हाइकानं हातात घ्यावं, स्वतः लावून बघावं, मध्ये कुणी नको. सेफोरा ही दुकानांची साखळी याच कल्पनेवर वाढली. म्हणजे ‘मला माझं बघू द्या’ ही मागणी काही उद्धटपणाची नाही. तिच्यावर एक अख्खा धंदा उभा राहिलाय.

आता काउंटरवरच्या मुलीकडे वळू. ती कोण असते? बहुतेकांना वाटतं दुकानाची नोकर. मोठ्या दुकानात बऱ्याचदा तसं नसतं. तिला ब्रँडनं किंवा ब्रँडनं नेमलेल्या एजन्सीनं तिथे उभं केलेलं असतं. तिला ‘ब्यूटी ॲडव्हायझर’ म्हणतात, पण तिचं काम विक्रीचं आहे. महिन्याचं टार्गेट असतं, त्यावर इन्सेंटिव्ह असतो, आणि एका बिलात किती वस्तू गेल्या याचाही हिशेब ठेवला जातो. म्हणून लिपस्टिक घेतली की लिपलायनर येतो, फाउंडेशन घेतलं की प्रायमर येतो. ती तुमच्या मागे लागते कारण तिच्या मागे कुणीतरी लागलेलं असतं. शिवाय दिवसभर उभं राहायचं. दुकानात काम करणाऱ्यांना बसायला जागा द्या, एवढ्यासाठी केरळला २०१८ मध्ये आणि तमिळनाडूला २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली, यावरून काय ते समजा. तेव्हा आज मी जे सांगणार आहे त्यात त्या मुलीवर डाफरणं कुठेही बसत नाही. तिला ‘नको’ हा शब्द नवा नाही, दिवसातून पन्नासदा ती तो ऐकते. तिचा वेळ जातो तो ‘बघू’, ‘नंतर’, ‘तसं चांगलंय पण’ यांत.

बरं, हे सगळं घडतं कसं? पहिली पायरी हाताची. ‘मॅम, फक्त हातावर लावून दाखवते, घ्यायलाच पाहिजे असं नाही.’ तुम्ही हात पुढे करता. जत्रेतला कासारही हात धरूनच बांगड्या भरतो, त्यात आपल्याला वावगं वाटत नाही. पण तिथे आपण बांगड्या भरायलाच बसलेल्या असतो. इथे हात दिला की मग ‘थोडं चेहऱ्यावर बघू या’, मग ‘अर्ध्याच चेहऱ्याला लावलंय, फरक बघा’. आणि अर्धा चेहरा रंगवलेल्या अवस्थेत, उंच स्टुलावर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर तुम्ही ‘नको’ म्हणणार? फार अवघड आहे.

लहान होकारातून मोठा होकार कसा निघतो यावर जोनाथन फ्रीडमन आणि स्कॉट फ्रेझर या दोघांचा १९६६ सालचा कॅलिफोर्नियातला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. लोकांना विचारलं, तुमच्या घरासमोरच्या अंगणात ‘गाडी जपून चालवा’ असा भला मोठा, बेढब फलक लावू का? थेट विचारलं तेव्हा जेमतेम १७ टक्के लोक हो म्हणाले. दुसऱ्या एका गटाला दोन आठवडे आधी त्याच अर्थाची एक चिमुकली पाटी लावायला सांगितली होती. ती कुणीही लावतं. मग मोठा फलक विचारला, तर ७६ टक्के हो म्हणाले. चिमुकली पाटी म्हणजे तुमच्या हातावरचा तो लिपस्टिकचा पट्टा.

दुसरी पायरी उपकाराची. हे आपल्याला तर फारच लागू पडतं. आपल्याकडे हळदीकुंकवाला वाण घेतलं की पुढच्या वेळी आपणही द्यायचं असतं, शेजारणीचा डबा रिकामा परत पाठवायचा नसतो. ही चांगली रीत आहे, तिच्यावर संसार चाललेत. काउंटर नेमका तिचाच फायदा घेतो. तिनं वीस मिनिटं घालवली, तीन शेड लावल्या, कापसानं पुसून दिलं, एक नमुन्याची पुडी हातात ठेवली. आता रिकाम्या हातानं कसं उठायचं? पण शेजारीण डबा देते तो तिच्या घरचा. इथली वीस मिनिटं ब्रँडच्या पगारातली आहेत आणि नमुना जाहिरातखर्चातला. त्यांची परतफेड तुमच्या पर्समधून करायची काहीच गरज नाही. भीड भिकेची बहीण, असं आपल्या आज्या म्हणायच्या ते काही उगाच नाही.

तिसरी पायरी आकड्यांची. समजा, तुमचं बिल १,९०० झालं. ‘मॅम, २,५०० च्या वर पाऊच फ्री आहे, फक्त सहाशेचंच घ्यायचंय.’ म्हणजे जे पाऊच तुम्ही शंभर रुपयांनाही घेतलं नसतं त्याच्यासाठी सहाशे. असंच ते ‘मिनी’ लिपस्टिकचं. समजा, ३.५ ग्रॅमची लिपस्टिक ७०० ला आहे आणि १.२ ग्रॅमची छोटी ३६० ला. छोटी स्वस्त वाटते. भागाकार करा : मोठी २०० रुपये ग्रॅम, छोटी ३०० रुपये ग्रॅम. आता पाकिटांवर दर ग्रॅम किंवा दर मिली किंमत छापलेली असते, ती शोधायची सवय लावा. चष्मा लागतो, पण शोधा. (हशा)

आता बोलायचं काय, हा मुद्दा. यावर मी जरा वेळ घेणार आहे.

सगळ्यात महत्त्वाचं, कारण देऊ नका. आपण नाही म्हणतो आणि लगेच शेपूट जोडतो. ‘नको हो, जरा महाग आहे.’ झालं. महाग? कॉम्बो आहे, ईएमआय आहे, छोटा पॅक आहे. ‘मला सूट होत नाही.’ हे हर्बल आहे मॅम. ‘घरी आहे माझ्याकडे.’ कुठलं आहे? ते तर सिलिकॉनवालं आहे. ‘नंतर घेईन.’ ऑफर आज संपतेय. तुम्ही दिलेलं प्रत्येक कारण ही तिच्यासाठी नवी कडी आहे, आणि ती उघडायची कशी हे तिला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं असतं. तुम्ही वाद जिंकायला गेलात तर हराल, कारण ती हाच वाद रोज घालते.

आणि आपल्या भाषेनं आपल्याला काय सुंदर शब्द दिलाय बघा : ‘नको’. इंग्रजीत ‘नो’ म्हटलं की पुढे काहीतरी जोडावंसं वाटतं. ‘नको’ हे एकटंच पूर्ण वाक्य आहे. लहान मूल भाजीला ‘नको’ म्हणतं तेव्हा त्याच्याकडे कारण असतं का? नाही आवडत, संपलं. तोच शब्द, हसून, हळू आवाजात, दोनदा. ‘नको, थँक्यू.’ तिनं पुन्हा विचारलं तर तेच शब्द, तोच स्वर. नवीन शब्द घालायचा नाही.

याला लागून एक निरीक्षण. मॉलमध्ये समोरून ‘हाय मॅम’ आलं की आपण इंग्रजी-हिंदीत शिरतो. आणि ज्या भाषेत आपण जरा अवघडलेले असतो त्या भाषेत नकार देणं दुप्पट जड जातं. मराठीत बोला. मुंबई-पुण्याच्या काउंटरवरच्या कितीतरी मुली मराठीच असतात. ‘ताई, मी फक्त काजळ घ्यायला आलेय’ म्हटलं की ‘मॅम’ची पुन्हा ताई होते आणि संभाषणाचा सूरच बदलतो. दुसऱ्या राज्यातून आलेली असेल तर हिंदीत बोला, त्यात काय! पण वाक्य घरून ठरवून न्या.

ते पहिलं वाक्यही महत्त्वाचं आहे. ‘काय बघताय मॅम?’ याला ‘काही नाही, असंच’ हे सर्वांत वाईट उत्तर. ‘असंच’ म्हणजे मोकळं रान. त्यापेक्षा वस्तूचं नाव घ्या, जमल्यास बजेटही सांगा : ‘मरून रंगाची मॅट लिपस्टिक, पाचशेच्या आत. दुसरं काही नको.’ आणि नुसतंच बघायचं असेल तर, ‘मी आधी एकटीनं बघते. लागलं तर तुम्हालाच बोलवते.’ यातला ‘तुम्हालाच’ महत्त्वाचा. तिला काळजी असते की विक्री दुसरीच्या खात्यावर जाईल. नाव विचारून ठेवा, आणि घेतलंत तर खरंच तिला बोलवा.

चेहऱ्याला हात लावण्याआधी दोन गोष्टी विचारा. ‘याचे पैसे आहेत का?’ कारण काही ठिकाणी मेकअप करून देण्याचे पैसे असतात आणि ते ‘खरेदीत वळते’ होतात, म्हणजे खरेदी आलीच. आणि ‘स्वच्छ ब्रश आहे का?’ टेस्टरची लिपस्टिक थेट ओठाला आणि टेस्टरचा मस्कारा डोळ्याला कधीही लावून घेऊ नका, मग समोरचीला कितीही वाईट वाटो. फाउंडेशन मात्र हातावर बघून उपयोग नाही, हाताचा रंग वेगळा असतो. जबड्याच्या कडेला लावा आणि दुकानाबाहेर जा. उजेडात बघा. दुकानातले दिवे दुकानाच्या सोयीचे असतात, आणि बरीच फाउंडेशन अर्ध्या-पाऊण तासात एक छटा गडद होतात. ‘तासाभरानं येते’ हे इथे निमित्त नाही, तपासणीची खरी पद्धत आहे. जातिवंत विक्रेती स्वतःच तसं सांगते, आणि अशी भेटली तर तिला सोडू नका.

पार्लरमधली परिस्थिती याहून बिकट. तिथे तुम्ही खुर्चीत आडव्या, चेहऱ्यावर क्रीम, डोळ्यांवर काकडी. ‘ताई, टॅन खूप झालाय, डी-टॅन करून टाकू?’ इथे एकच उपाय : आडवं होण्याआधी बोला. ‘आज फक्त आयब्रो आणि फेशियल. एवढेच पैसे आणलेत.’ घरी येणाऱ्या मैत्रिणीचा कॅटलॉग हा आणखी वेगळा प्रकार, कारण तिथे नकार वस्तूला दिला तरी लागतो नात्याला. तिला मी सांगेन, ‘तू ये, चहा पिऊ, कॅटलॉग आणू नकोस.’ अनोळखी विक्रेती असेल तर २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग नियमांनुसार ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय तिनं तुमच्या दारात यायचंच नाही.

आता थोडं गंभीर. सहाशे रुपये गेले तर गेले. पण त्वचेबद्दलचा शेरा हा काही वेळा वैद्यकीय दावा असतो, आणि तिथे भीड महागात पडते. गालावरचे वांग, मुरमं, डोळ्यांखालचा काळेपणा, यांवर सल्ला द्यायला काउंटरवरची मुलगी पात्र नाही. बाई गरोदर आहे का हे विचारल्याशिवाय तिच्या हातात रेटिनॉलचं क्रीम दिलं जाऊ शकतं, आणि गरोदरपणात ते टाळायला डॉक्टर सांगतात. अशा वेळी एकच वाक्य : ‘हे मी डॉक्टरांना विचारेन.’

सगळ्यात धोक्याचं म्हणजे ‘रंग उजळेल’. फेअर अँड लव्हलीनं २०२० मध्ये नावातलं ‘फेअर’ काढलं, पण काउंटरवरच्या तोंडातून ते गेलेलं नाही. आता ‘ग्लो’ म्हणतात, ‘ब्राइट’ म्हणतात, आणि सावळ्या मुलीला दोन छटा उजळ फाउंडेशन देऊन ‘किती फ्रेश दिसताय’ म्हणतात. तिनं पहिल्या पगारातून घेतलेलं असतं ते. चेहरा राखाडी दिसतो आणि तिला वाटतं आपल्याच चेहऱ्यात काहीतरी चुकलंय. मुली, तुझ्या चेहऱ्यात काही चुकलेलं नाही, बाटली चुकीची दिलीय. आणि छोट्या दुकानांत, पार्लरांत, लेबल नसलेल्या डबीतून ‘आमचं स्पेशल क्रीम’ मिळतं ते तर हातातही घेऊ नका. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या विकाराचे रुग्ण सापडले, त्यांच्यात समान धागा निघाला तो गोरेपणाच्या क्रीमचा. अशा क्रीममध्ये पारा असू शकतो. आपल्या नियमांनुसार सौंदर्यप्रसाधनात पारा घालायला बंदी आहे. नकळत आला तरी दहा लाखांत एक भाग, डोळ्यांच्या प्रसाधनांना वेगळी मर्यादा. दुसऱ्या काही डब्यांत स्टेरॉइड असतं : आठ दिवसांत चेहरा चमकतो, बंद केलं की लाल होतो, आग होते.

म्हणून डबी उलटी करून वाचा. उत्पादकाचं नाव-पत्ता, लायसन्स क्रमांक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, घटक. परदेशी माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक. हे नसेल तर ‘माझी बहीणच वापरते’ याला काही अर्थ नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. पण नीट ऐका, सदोष वस्तू. नुसतं मन बदललं म्हणून उघडलेली लिपस्टिक परत घ्यायला दुकानदार बांधील नाही. त्यामुळे ‘आत्ता घ्या, नाही आवडलं तर परत करा’ असं कुणी म्हणालं तर ‘बिलावर लिहून द्या’ म्हणा. बिलाच्या वेळी मोबाइल नंबरची सक्ती करू नये असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२३ मध्ये दुकानदारांना सांगितलंय. नंबर दिला नाही तरी बिल मिळालं पाहिजे. अडलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

प्रश्न घेऊ. हं, मागच्या रांगेतून.

(श्रोत्यांतून : मॅडम, त्यापेक्षा ऑनलाइनच घेतलं तर कटकटच नाही ना?)

कटकट आहे, फक्त चेहरा नाही. तिथेही ‘फक्त दोनच शिल्लक’ येतं, न मागता एखादी वस्तू टोपलीत येऊन बसते, आणि ‘नको’च्या बटणावर ‘मला सुंदर दिसायचं नाही’ अशा धर्तीचं वाक्य असतं. केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा तेरा फसव्या युक्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली, त्यात हे तिन्ही प्रकार येतात. शिवाय शेड पडद्यावर कळत नाही. माझी पद्धत विचाराल तर रंग दुकानात बघावा, उजेडात तपासावा, नंबर लिहून घ्यावा आणि घरी यावं. रात्री झोपून सकाळी उठल्यावरही हवीशी वाटली, तर जिनं दाखवली तिच्याकडे जाऊनच घ्यावी. तिची वीस मिनिटं त्या दिवशी भरून निघतात.

पुढचा प्रश्न? तुम्ही, निळ्या साडीतल्या ताई.